१९१४ नंबरचा घागरा

१८ ऑक्टोबर २०१८, गुरुवार, दसरा. दुक्म, ओमान.

साबणवाल्या कंपनीने जानेवारीत फुकट दिलेली डायरी आज उघडली. दहा महिने मी तिच्यावर इस्त्री टेकवत होतो, त्यामुळे पुठ्ठ्यावर करपल्याचा डाग आहे. तो निघायचा नाही, मी बघितलं करून. उघडली अशासाठी की कोणाशी तरी बोलायला हवं, आणि या कॅम्पवर एकाला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत मेसमधल्या भांड्यांनाही कळतं.

आज विन्सेंटने ऑफिसात बोलावलं. विन्सेंट म्हणजे आमचा कॅम्प बॉस, वसईचा. एरवी दारातूनच ओरडतो, आज "बसा उत्तमभाऊ" म्हणाला. तेव्हाच मी ओळखलं. तीस नोव्हेंबरला मला साठ पुरी होतात आणि साठीनंतर कंपनी व्हिसा वाढवत नाही. म्हणजे खलास. सव्वीस वर्षं ओमानात, त्यातली शेवटची पाच या वाळवंटात, लाँड्री इन्चार्ज उत्तम मिठबावकर तीस तारखेला बॅग भरून देवगडला.

"एक रस्ता आहे," विन्सेंट म्हणाला. "पुढच्या आठवड्यात युद्धसरावाला ब्रिटिश सोल्जर येतायत. एक तुकडी आपल्याकडे उतरणार. त्यांच्या मेजरने तुमच्या नावाचं चांगलं लेटर दिलं ना, तर अर्बाब, आपला मालक, स्पेशल केस करून दोन वर्षं देईल. इटालियन लोकांच्या त्या कुकला दिली होती की."

मला ती दोन वर्षं पाहिजेत. खरं काय ते इथे तरी लिहितो. सुट्टीवर गेलो की आठ दिवस मी पाहुणा असतो आणि नवव्या दिवसापासून अडगळ. इथे मला विचारल्याशिवाय उशीचा अभ्रा हलत नाही. तिथे चमचे कुठल्या डब्यात असतात तेसुद्धा मला माहीत नाही.

सोनं द्यायला बायकोला, वसुंधरेला, फोन केला. व्हिसा वाढवायचं बोललो नाही. तीच म्हणाली, "तीस तारखेक येतालात मां? कायमचे?" मी म्हटलं, बघू. मग विषय बदलायला शर्टाचं काढलं. दोन वर्षांपूर्वी निघायच्या दिवशी जेवताना माझ्या पांढऱ्या शर्टावर बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण सांडलं. दुसरा शर्ट घालून निघालो. तो शर्ट अजून तसाच खुंटीला! व्हिडिओ कॉलमध्ये तिच्या मागे दिसतो, खिशावर हा एवढा पिवळा डाग. आख्ख्या दुक्मचे डाग काढणाऱ्याच्या घरात ही शोभा.

"धू गो तो," मी म्हटलं. "रिठ्यात भिजव आणि धू."

"आसां दे," ती म्हणाली. "खुंटी मोकळी दिसता."

आळशीपणाला काय काय कारणं सापडतात बायकांना.

२२ ऑक्टोबर

सैन्य आलं. मी आपला छाती बाहेर काढून लाँड्रीच्या दारात उभा. बसमधून उतरले कोण, तर पोटं सुटलेले, चष्मे लावलेले, उन्हाने टोमॅटो झालेले त्रेसष्ट लोक. एकाने उतरल्याबरोबर वायफायचा पासवर्ड विचारला.

ही म्हणे राखीव पलटण आहे. सोमवार ते शुक्रवार नोकऱ्या करतात, शनिवार-रविवारी सैन्य. मेजर फर्ग्युसन दातांचा डॉक्टर आहे. सामानसुमान सांभाळणारा सार्जंट अडेयेमी, सहा फूट दोन इंच, मूळचा नायजेरियाचा, तो लंडनमध्ये बसमध्ये तिकिटं तपासतो. एक जण कस्टममध्ये आहे. नाव आहे टेम्स हायलँडर्स, स्कॉटिश पलटण. सगळ्यांत एकटा मेजरच काय तो स्कॉटिश नावाचा, आणि तोही स्कॉटलंडला एकदाच गेलाय, दातांच्या डॉक्टरांच्या संमेलनाला.

हे सगळं मला कॉर्पोरल हाफिजाने सांगितलं. तिचे आईवडील हैदराबादचे, ती लंडनला औषधांच्या दुकानात असते. हिंदी झकास बोलते, मला अंकल म्हणते. तिने बावीस घागरे आणून टाकले. पुरुषांचे घागरे!

"किल्ट, अंकल," ती म्हणाली. "घागरा म्हणालात तर सार्जंटला वाईट वाटतं."

मी किल्ट म्हणतो तिच्यासमोर. डायरीत घागराच लिहिणार.

२३ ऑक्टोबर

एका घागऱ्याला तीस चुण्या. इस्त्रीला एकाला पाऊण तास. देवा रामेश्वरा.

२७ ऑक्टोबर, शनिवार

चुण्या कशा बसवायच्या ते बघायला हाफिजा येऊन बसते. बोलायला माणूस मिळालं की बरं वाटतं. आज तिने पलटणीचा इतिहास सांगितला.

दीडशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडचे कारकून पोटापाण्यासाठी लंडनला आले. गावाची आठवण यायची म्हणून शनिवारी जमायचे. गावची गाणी म्हणायचे, गावचं जेवायचे, गावचे घागरे घालून कवायत करायचे. होता होता त्याची पलटण झाली. पूर्वी भरतीला आजोबा स्कॉटिश असल्याचा दाखला लागायचा, आता शनिवार मोकळा असला तरी पुरतो.

म्हणजे आमचं मिठबाव ग्रामस्थ मंडळ, मुंबई, की दुसरं काय! फक्त त्यांच्याकडे बंदुका होत्या आणि आमच्याकडे भजनाची पेटी.

नऊ नोव्हेंबरला त्यांचा पलटणीचा दिवस आहे. इथेच, मेसमागच्या मैदानात. पाहुणे म्हणून ओमानी अधिकारी येणार. घागरे त्यासाठीच. विन्सेंट म्हणाला, "उत्तमभाऊ, त्या दिवशी मेजर खूश म्हणजे लेटर पक्कं, इन्शाल्ला."

३१ ऑक्टोबर, बुधवार

आज मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. कोणी पाठ थोपटली नाही तरी चालेल, इथे लिहून ठेवतो.

सकाळी सार्जंट अडेयेमी स्वतः एक पिशवी घेऊन आला. त्यात एकच घागरा. चिठ्ठीवर नंबर १९१४ आणि खाली इंग्रजीत, फक्त बक्कल. बक्कलाचा पट्टा सुटला होता. टाके इतके सरळ तुटलेले की वाटावं कोणी ब्लेड फिरवलंय. सार्जंट दोनदा म्हणाला, "ओन्ली बक्कल." आणि माझ्या मागच्या फळीकडे बघत राहिला. तिथे मी काढलेल्या डागांचे आधीचे आणि नंतरचे फोटो लावलेत. बराच वेळ बघितले त्याने. मग गेला.

नंबरांची मला गंमत वाटली. बावीस घागऱ्यांचे नंबर शंभराच्या आतले आणि हा एकदम १९१४. म्हटलं, असेल जुन्या स्टॉकातला.

पट्टा दहा मिनिटांत शिवला. पण घागरा उलगडला आणि माझं डोकं फिरलं. खालच्या काठाला वीतभर रुंद चिखल! वाळून पत्रा झालेला, ठिकठिकाणी पोपडे सुटलेले. एवढं मोठं सैन्य, एवढे पाहुणे येणार आणि हा माणूस म्हणतो फक्त बक्कल! लाजला असेल बिचारा धू म्हणायला. मिठबावकराच्या हातून अर्धं मळकं कापड आजवर परत गेलेलं नाही.

आधी कोरडा ब्रश. लोकर, म्हणून थंड पाणी. मशीन नाही, हाताने. साबण नाही, रिठ्याचा फेस. रिठे वसुंधरा दर सुट्टीत किलोभर बांधून देते. पहिलं पाणी काळपट गेलं, त्याला चक्क कॉफीचा वास. दुसरं तांबूस. तिसऱ्यात बारीक पांढरी वाळू खाली बसली. गावोगावची माती लागलेली दिसते या घागऱ्याला, पक्का फिरस्ता. चौथ्या पाण्याला अगदी आत, विणीत रुतलेली काळी चिकट माती निघाली, नखभर. तिने मला तास खाल्ला. पण काढली!

संध्याकाळी घागरा नवा कोरा. तीस चुण्या सुरीच्या धारेसारख्या. फोटो काढून फळीवर लावला.

१ नोव्हेंबर, गुरुवार

फोटो फळीवरून काढला.

हाफिजा दुपारी चहा घेऊन आली. मी विचारलं, नऊ तारखेला नेमकं असतं काय? तिने सांगितलं. १९१४ साली बेल्जियममधलं एक बीटाचं शेत या पलटणीने एका रात्रीपुरतं राखलं. राखायला सांगितलं होतं म्हणून राखलं. सकाळी निम्मे उरले होते. मन्रो नावाचा एक जण, बँकेतला कारकून, गुडघ्यावर बसल्या बसल्याच गेला. त्याचा घागरा पलटणीने ठेवलाय. त्याच्या काठाला त्या शेताचा चिखल आहे.

"एकशे चार वर्षं कोणी धुतला नाही, अंकल. त्या मातीलाच आम्ही शेत म्हणतो. दर वर्षी पलटणीतला सगळ्यात नवा सोल्जर गुडघ्यावर बसून त्या मातीला हात लावतो. मेजर विचारतात, शेत कोणाकडे आहे? तो म्हणतो, आमच्याकडे आहे, सर. मग सगळे पितात. दुसऱ्या महायुद्धात बाँब पडले तेव्हा आधी तो घागरा बाहेर काढला, मग माणसं."

मी विचारलं, "त्याचा नंबर काय?"

"नंबर कसला? १९१४ हे साल आहे."

तो तिच्या मागेच टांगलेला होता, प्लास्टिकच्या कव्हरात. ती चहा पीत होती.

ती गेल्यावर विन्सेंटला गाठलं. त्याने ऐकलं, कपाळावर क्रूस केला आणि म्हणाला, "कोणाला बोललात?" कोणालाच नाही. "मग बोलू नका. लेटर विसरा, तुम्ही बोललात तर उद्याच्या विमानात बसाल. आणि मीपण शेजारच्या सीटवर."

२ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी. जेवलो नाही. एकशे चार वर्षं बाँबला जे जमलं नाही ते मी रिठ्याने केलं.

३ नोव्हेंबर

रडून काय होणार. माती गेली तर माती आणायची.

इथली माती बघितली. ही कसली माती, मीठ आणि वाळू. ओली करून जुन्या टॉवेलला लावली, वाळल्यावर झटकन पडली. मग चहाचा चोथा लावून बघितला, तो विटकरी दिसतो. कॉफी लावावी असं मनात आलं, पण घागऱ्याच्या पहिल्या पाण्याला तो वास होता ते आठवलं आणि उगाच अंगावर काटा आला. खजूर कुस्करून लावला तर मुंग्या आल्या.

पलटणीतला सगळ्यात नवा सोल्जर कोण, तेही विचारून घेतलं. चाळीस वर्षांचा आहे, दोन महिन्यांपूर्वी भरती झालाय. शाळेत मास्तर आहे. कुठला विषय? भूगोल! माझं नशीबच असं.

४ नोव्हेंबर, रविवार

विन्सेंटने तोड काढली. ऑफिसच्या दारात सहा कुंड्या आहेत, त्याच्या जिवापेक्षा लाडक्या. कुंडीतल्या मातीची पोती गोदामात पडलीत. काळीभोर, ओलसर माती. पोत्यावर लिहिलंय, हॉलंडमध्ये तयार.

"हॉलंड कुठे आहे माहितेय?" विन्सेंट म्हणाला. "बेल्जियमला लागून! कंपाउंड वॉल एकच!"

पोतं फोडलेलं नव्हतं, ते फोडलं तर स्टोअरच्या माणसाला जाब द्यावा लागेल. म्हणून एका कुंडीतलीच उकरली. विन्सेंटचा जीव तुटत होता, "मुळापासून नको, बाजूची घ्या," करत होता.

मी आणखी एक केलं, ते विन्सेंटला सांगितलं नाही. लाँड्रीच्या गटाराची जाळी उघडली. चौथं पाणी तिथूनच गेलं होतं. जाळीत आख्ख्या कॅम्पचा लोकरीचा, सुताचा मळ. तो सगळा वाटीत खरवडून घेतला आणि मातीत मिसळला. त्यात त्या शेताचा कण असेल तर असेल. नसला तर नसेल, पण मी टाकला नाही असं तरी होईल. मन्रोचं नाव घेऊन मिसळला, हसेल कोणी तर हसो.

चिकटायला तांदळाची खळ. घागरा टेबलावर पसरून बोटांनी तो चिखल काठाला लावला, गुडघे जिथे टेकले असतील तिथे जास्त. लावताना काय वाटलं ते लिहिता येत नाही. बँकेतला कारकून होता. शनिवारी जमायचा.

६ नोव्हेंबर, मंगळवार, नरकचतुर्दशी

पहाटे उटणं लावून अंघोळ. कोकणातली पोरं मेसमध्ये चकल्या तळतायत, त्यांतल्या निम्म्या सुटल्यात.

वसुंधरेचा फोन. घर झाडून पुसून आरसा केलंय म्हणाली. "तुमच्या कपाटात जागा करून ठेवलंय," म्हणाली. आवाजात काहीतरी होतं, मी विचारलं नाही. डोकं घागऱ्यात अडकलेलं.

एसीच्या कोरड्या हवेने माती तडकते. म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडून ओलं फडकं गुंडाळून ठेवतोय.

दुपारी सार्जंट अडेयेमी हाफिजाला घेऊन आला. घागरा बघायचाय म्हणाला. मी फडकं काढलं. तो वाकला. काठावरून बोट फिरवलं. नाकाजवळ नेऊन वास घेतला. मला वाटलं आता माझं श्राद्ध इथेच.

तो हाफिजाला काहीतरी म्हणाला. ती गोंधळली. "अंकल, ते विचारतायत, खळ वापरली का?"

मी म्हटलं, हो, चुण्यांना थोडी.

"ते म्हणतायत, छान केलंत. सायप्रसला नुसता कॉफीचा वास यायचा."

आता सायप्रसला कसला वास येतो याच्याशी माझा काय संबंध? मोठ्या माणसांचं आपण ऐकून घ्यायचं. मग त्याने विचारलं, किती वर्षं टिकेल? मी म्हटलं, पट्टा ना? दहा वर्षं हलत नाही. तो पहिल्यांदाच हसला. दात पांढरेशुभ्र, मेजरच बघत असेल.

आणि तेव्हा मला राहवलं नाही. एवढा भला माणूस! मी हात जोडले, म्हटलं, साहेब, मला एक सांगायचंय, माझ्या हातून मोठी चूक... हाफिजा ते इंग्रजीत सांगायच्या आत सार्जंटने तळहात वर केला. बसमध्ये कोणी तिकीट दाखवायला लागलं तर राहू दे म्हणावं, तसा. हळू आवाजात बोलला.

"ते म्हणतायत, पलटणीत काही गोष्टी विचारायच्या नसतात आणि सांगायच्याही नसतात. त्यांनाही कोणी सांगितल्या नव्हत्या."

इंग्रजांची रीतच वेगळी. माझ्या मनातलं मनातच राहिलं. आठ तारखेला न्यायला येतो म्हणाला.

९ नोव्हेंबर, शुक्रवार, भाऊबीज

कुठून सुरुवात करू!

मैदानात खुर्च्या, कनाती, रांगोळीसारखी चुन्याची रेघ. पलटणीतले बावीस जण घागऱ्यांत. चुण्या अशा की ओमानी अधिकाऱ्यांनी वळून बघितल्या. पलटणीचा एकच बॅगपाइपवाला, त्याची पिशवी इथल्या हवेत वाळून चिरली होती. त्याने फुंकलं तर म्हैस विव्हळल्याचा आवाज आला. मग पाहुण्या ओमानी सैन्याचे आठ बॅगपाइपवाले पुढे झाले आणि त्यांनी स्कॉटलंडची चाल अशी वाजवली की दातांचा डॉक्टर डोळे पुसायला लागला. पलटण त्यांच्या मागून चालली. स्कॉटिश कोण आणि पाहुणा कोण तेच कळेना.

मी आणि विन्सेंट मागे, पाण्याच्या बाटल्यांपाशी.

मग १९१४ आला. सार्जंटच्या दोन्ही हातांवर आडवा. सगळे ताठ. भूगोलाचा मास्तर पुढे आला, गुडघ्यावर बसला. मातीला हात लावला. आणि उठेचना! बोटांत माती चोळतोय, चष्मा वर करून बघतोय. कपाळावर आठी. मेजरने विचारलं, "शेत कोणाकडे आहे?" मास्तर अजून मातीतच. मी मनातल्या मनात रामेश्वराला सव्वा किलो पेढे बोललो. विन्सेंटने माझं मनगट धरलं होतं, अजून वळ आहेत.

मेजर वाकला. मास्तरने बोट दाखवलं. मेजरने टोपी काढली.

काठाच्या मातीतून एक कोंब आला होता. दोन हिरवी पानं, नखाएवढी.

मेजर काहीतरी बोलत होता. हाफिजा माझ्याजवळ येऊन रडत रडत सांगत होती, "ते म्हणतायत, एकशे चार वर्षांनी शेत उगवलं."

"मेथी आहे," विन्सेंट माझ्या कानात म्हणाला. "दाणे टाकले होते मी त्या कुंडीत. थेपल्यासाठी."

"गप," मी म्हटलं.

मास्तरने घसा साफ केला. भूगोलाचा माणूस, सगळं कळलं असणार त्याला, असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतंय. त्याने मेजरकडे बघितलं, सार्जंटकडे बघितलं. सार्जंटचा चेहरा दगडाचा. मग मास्तर मोठ्याने ओरडला, "आमच्याकडे आहे, सर!" त्रेसष्ट लोक ओरडले. ओमानी पाहुण्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी पण ओरडलो, मराठीत.

आता खोलीवर येऊन लिहितोय. हसू येत नाही. त्रेसष्ट माणसं त्या चिखलाला बघून रडली. बस तपासनीस, दुकानदारीण, मास्तर. त्यांतला एकही त्या शेतावर गेलेला नाही. चिखल तिथला नाही हेही मला ठाऊक. तरी माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं, ते काय खोटं होतं?

आणि उगाच त्या शर्टाची आठवण झाली. खुंटी मोकळी दिसता, म्हणाली होती ती. सव्वीस वर्षांत तेवीस महिने मी घरी राहिलो असेन. गाढव आहे मी. धुऊ नको म्हणून फोन करायला हवा. उद्या त्यांची निघायची गडबड आहे, मग करतो.

११ नोव्हेंबर, रविवार

पलटण गेली. सकाळी अकरा वाजता पहिलं महायुद्ध संपून शंभर वर्षं झाली म्हणून सगळे दोन मिनिटं गप्प उभे होते. मीही ड्रायर बंद केला.

मेथी डब्यात लावून लंडनला नेली. त्यावरून तासभर वाद. पलटणीतला कस्टमवाला म्हणाला, परदेशी रोपटं देशात आणता येत नाही. मेजर म्हणाला, परदेशी कसलं, ते पलटणीचंच आहे. शेवटी फॉर्मवर मूळ ठिकाण म्हणून लिहिलं, बेल्जियम, १९१४. खाली कस्टमवाल्याची स्वतःचीच सही.

सार्जंट अडेयेमीने जाताना पलटणीचं पितळी बटण माझ्या हातात ठेवलं. हाफिजामार्फत म्हणाला, "वीस वर्षांत चार देशांत ही पट्ट्याची चिठ्ठी लिहिली. असं काम कोणी केलं नाही." माझ्या शिवणकामाला एवढा मान आजवर कोणी दिला नव्हता. पण पट्टा चार वेळा तुटतो म्हणजे टाके घालणारे काय लायकीचे असतील!

१५ नोव्हेंबर, गुरुवार

लेटर आलं. विन्सेंटने उभ्याने वाचून दाखवलं. मेजरने लिहिलंय, श्री. मिठबावकर यांच्या देखरेखीत आमचं शेत जिवंत झालं, अशा माणसाला कुठल्याही संस्थेने जाऊ देऊ नये. अर्बाबने वाचलं, शेत कसलं ते विचारलं नाही, सही केली. दोन वर्षं. विन्सेंटने मिठी मारली. मेथीची नवी कुंडी मला भेट म्हणून दिली.

पाहिजे होतं ते मिळालं. मग घरी फोन लावायला दुपार का झाली, ते माझं मला कळेना.

व्हिडिओ लावला. वसुंधरा समोर, मागे भिंत. भिंतीला खुंटी. खुंटी मोकळी.

"शर्ट खंय?" मी विचारलं.

"धुतलंय दिवाळीत," ती म्हणाली. लाजल्यासारखी हसली. "रिठ्यात भिजवलंय रातभर. तुमीच सांगीत होतात मां? इस्त्री करून कपाटात ठेवलंय. आता माणूसच येता, तर शर्ट खुंटीक कित्याक?"

मी लेटर हातात धरून बसलो होतो. तिला दिसेल म्हणून खाली केलं. बोलायला तोंड उघडलं तर वेगळंच आलं.

"आयक. त्या शर्टार वायच कालवण सांड. आणि परत खुंटीक लाव."

आत कुकरची शिट्टी झाली, ती उठली नाही. दुसरी झाली.

"किती वर्सां?" तिने विचारलं.

"दोन."

तिने मागे वळून खुंटीकडे बघितलं. मग पदराने फोनची काच पुसली, की आणखी काही पुसलं, मला नीट दिसलं नाही.

"बरां," म्हणाली. "आज गुरवार आसा. बांगडे उद्या घेवन येतंय."